पायगुणाचा आलेख

४ मार्च

प्रयोगशाळेच्या वहीत मतं लिहायची नाहीत, असा सरांचा नियम आहे. व्होल्टेज लिहायचं, दाब लिहायचा, हवेतली आर्द्रता लिहायची आणि खाली सही करायची. नियम चांगला आहे, पण मग मतं साचत जातात. त्यांच्यासाठी ही दुसरी वही. हिच्यात सही नाही.

आमचं काम थोडक्यात सांगता येतं आणि आत्याला ते मी अनेकदा सांगितलं आहे. एका बारीक नळीत तांब्याची तार असते. तिच्यातून एका झटक्यात इतकी वीज सोडायची की तारेची वाफ होते, वाफेचा प्लाझ्मा होतो आणि तो नळीच्या तोंडातून ज्योतीसारखा बाहेर पडून समोरच्या घन इंधनाच्या चकतीवर आदळतो. चकती नाण्याएवढी असते. तिचं पुढे काय होतं ते आम्ही बघतो. म्हणजे उपकरणं बघतात. आम्ही जाड भिंतीपलीकडे कानावर हात ठेवून उभे असतो. आत्याच्या मते मी फटाके उडवते आणि त्याचा मला पगार मिळतो. आमच्या वार्षिक अहवालापेक्षा हे वर्णन नेमकं आहे.

हे सगळं घडतं एका पोलादी भांड्यात. कागदोपत्री त्याचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही, म्हणून सगळे त्याला कुकर म्हणतात. शिट्टी नाही, एवढाच फरक.

कुकरच्या भिंतीत दाबमापक बसवलेला आहे. बोटाच्या पेराएवढा, आणि खोलीतल्या कुठल्याही माणसापेक्षा नाजूक. मी यायच्या आधी तो उघड्या तोंडाने प्लाझ्मासमोर बसवत. तो भाजून मेला. तेव्हापासून नवा नियम आला: नव्या दाबमापकाच्या तोंडाला उष्णतेपासून जपायला सिलिकॉन ग्रीसचा थर द्यायचा. ते काम माझं. मी गॅरेजवाल्याची मुलगी आहे. बाबांनी आयुष्यात एकच तत्त्वज्ञान सांगितलं, की ग्रीसमध्ये कंजूसपणा करायचा नाही. मी कडेपर्यंत भरपूर लावते, बोटाने सारखं करते. चाचणी झाली की पुसायला जावं, तर पुसण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. ग्रीस कामी येतं. इथे कोणी तरी कामी येतं, हे बरं आहे.

७ मार्च

आज दुसऱ्या संस्थेतले दोन पाहुणे आले होते. सरांनी त्यांना आमचा उंचवटा दाखवला. घरी पाहुणे आले की लोक मुलांना कविता म्हणायला लावतात, तसं.

दाबाच्या आलेखात पहिला उंचवटा येतो तो प्लाझ्मा पोचल्याचा. तो जगात सगळ्यांकडे येतो. दुसरा त्याच्या मागून येतो, वीज संपल्यावर, आणि तो फक्त आमच्याकडे येतो. सरांचा सिद्धांत असा, की प्लाझ्माचा प्रकाश चकतीच्या आत शिरून तिला आतून कमजोर करतो, म्हणून वीज थांबली तरी चकती जोमाने जळत राहते. यावर त्यांचे दोन निबंध छापून आले आहेत आणि आता त्यांनी मोठा कुकर मागितला आहे, दहापट ताकदीचा. पुढच्या महिन्यात समिती बघायला येईल. मोठा कुकर मंजूर झाला तर माझा करार वाढेल. नाही झाला तर एप्रिलअखेर मी घरी.

हा दुसरा उंचवटा मी रुजू झाले त्याच महिन्यात पहिल्यांदा दिसला. सर पाहुण्यांना म्हणाले, "हिचा पायगुण."

आमच्या घरात या विषयावर वेगळं मत आहे. मी जन्मले त्या आठवड्यात बाबांच्या गॅरेजचं छप्पर कोसळलं, म्हणून आत्या मला पांढऱ्या पायाची म्हणते. प्रेमाने म्हणते, असं तीच सांगते. डॉक्टरेट असलेल्या माणसाने पायगुण हा शब्द वापरणं हास्यास्पद आहे. इथे नोंद केली ती केवळ हास्यास्पद म्हणून.

(दोनदा म्हणाले. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.)

११ मार्च

रेघोट्या आज पुन्हा त्याची रेघ घेऊन आला. रेघोट्या म्हणजे आमचा वर्णपटवाला. कुकरच्या काचेच्या खिडकीतून जो प्रकाश बाहेर पडतो तो उपकरणाने रंगांत फोडायचा आणि कुठल्या जागी कुठल्या मूलद्रव्याची रेघ दिसते ते सांगायचं, हे त्याचं काम. दिवसभर रेघा बघून माणसाचं जे व्हायचं ते झालं आहे. कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा गंमत केल्यासारखं.

त्याचं म्हणणं, सिलिकॉनची रेघ फार ठळक येते आहे आणि आपल्या इंधनात तर सिलिकॉन नाही. सर म्हणाले, खिडकी क्वार्ट्झची आहे, क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन असतंच, ती झिजत असेल. मीही तेच म्हटलं. खिडकी झिजत असती तर धूसर झाली असती, असं रेघोट्या म्हणाला. मी त्याला सांगितलं, की मग त्याने ती पुसण्याकडे जरा लक्ष द्यावं. त्याने खरंच पुसली. मग त्याच फडक्याने माझा चष्मा पुसून देऊ का, असं विचारलं. मी दिला नाही. चष्मा स्वच्छ होता.

चकत्यांच्या वजनाचाही मेळ बसत नाही. मी प्रत्येक चकती आधी आणि नंतर तोलते. दुसऱ्या उंचवट्याइतका वायू तयार व्हायला जेवढी चकती जळायला हवी, तेवढी ती जळालेली नसते. सर म्हणतात, तराजू म्हातारा झाला आहे. आमच्याकडे सिद्धांताशी पटलं नाही की उपकरणांना झटकन वय येतं.

१५ मार्च

सुट्टी. आत्याने सकाळपासून दाराचा विषय लावून धरला. आमचं पुढचं दार किरकिरतं. ती म्हणाली, "परक्यांच्या यंत्रांना हौसेने तेल-ग्रीस, आणि घरचं दार रडतंय ते ऐकू येत नाही बयेला." मी म्हटलं करते. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पूर्वी असलं काम त्यांनी आत्याचं वाक्य संपायच्या आत केलं असतं. हल्ली त्यांचे हात थरथरतात, आणि म्हणून ते दाराकडे बघतच नाहीत.

मी विषय बदलला. समितीबद्दल सांगितलं. बाबांनी विचारलं, करार वाढेल ना. मी म्हटलं वाढेल, सर माझ्यावर खूश आहेत. कशामुळे, ते सांगितलं नाही. आत्यासमोर पायगुण हा शब्द काढला असता तर तिला ठसका लागला असता.

२१ मार्च

ताप. अंथरुणात. कुकरची आठवण येत नाही. रेघोट्याचा फोन आला, ग्रीसची बाटली कुठल्या कप्प्यात, एवढं विचारायला. तीच बाटली रोज त्याच्या डोळ्यांसमोर असते. मग ताप किती, औषध घेतलं का, खाल्लं काय, असल्या चौकश्या. माणसाला फोन ठेवता येत नाही, हा एक दोषच आहे.

२४ मार्च

परत कामावर. दारातच सरांनी गाठलं. मी नव्हते त्या दिवसांत दुसरा उंचवटा जवळजवळ आलाच नाही. नुसती सपाट माळरानं. त्यांनी ते आलेख भिंतीवर ओळीने लावले होते आणि शेवटी रिकामी जागा सोडली होती, माझ्यासाठी.

मी आधी दाबमापक बघितला. रेघोट्याने ग्रीस लावलं होतं असं म्हणायचं. दाढीला लोक यापेक्षा जास्त साबण लावतात. मी त्याला चांगलंच सुनावलं, की उपकरण भाजलं असतं तर काय केलं असतं. तो म्हणाला, भाजलं नाही ना. मी म्हटलं, नशीब. मग स्वतःच्या हाताने व्यवस्थित थर दिला, कडेपर्यंत, आणि चाचणी घेतली.

उंचवटा आला. देखणा, भरदार, सरांच्या निबंधातल्यासारखा. सरांनी टाळी वाजवली. भिंतीवरची रिकामी जागा भरली. "बघितलंस," ते रेघोट्याला म्हणाले, "याला म्हणतात पायगुण. उपकरणात मोजता येत नाही म्हणून नाही असं म्हणता येत नाही."

रेघोट्या भिंतीवरच्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. त्याला बहुतेक वाईट वाटलं. मी त्याच्याशी थोडं जास्तच तोडून बोलले, पण कंजूसपणा मला सहन होत नाही.

२७ मार्च

गोष्ट आता हाताबाहेर चालली आहे. चाचणीच्या वेळी मी दाराच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, कारण चांगला उंचवटा आला त्या दिवशी मी तिथे होते. निळा एप्रन घालायचा, पांढरा नाही. शौचालयात जायचं तर चाचणीआधी जाऊन यायचं. विद्युतचुंबकीय लहरींवर चार प्रकरणं लिहिलेल्या माणसाने मला या सूचना गंभीरपणे दिल्या.

मी डाव्या बाजूला उभी राहिले. निळा एप्रन घातला. वाद घालण्यात वेळ जातो, एवढंच कारण.

१ एप्रिल

ग्रीसची बाटली संपत आली. खरेदी विभागातल्या गृहस्थांनी फोनवर विचारलं, की एवढं ग्रीस एका प्रयोगशाळेला लागतं कसं, गाडी चालवता का. मी म्हटलं, उपकरणाचं रक्षण होतं. ते म्हणाले, मग वापरलेलं पुसून परत का नाही घेत. मी म्हटलं, उरत नाही. ते म्हणाले, जातं कुठे. मी म्हटलं, जळतं. त्यांनी समितीच्या आधी बाटली पाठवण्याचं कबूल केलं.

अडाणी प्रश्न विचारायचा हक्क फक्त खरेदी विभागाला आहे.

३ एप्रिल

ग्रीस संपलं. काम थांबवायला नको म्हणून आज दाबमापकाच्या तोंडावर ग्रीसऐवजी काळ्या टेपचे दोन थर चिकटवले. काही ठिकाणी असंच करतात, उष्णता अडते. मी डाव्या बाजूला होते. निळा एप्रन होता.

दुसरा उंचवटा आला नाही. पुन्हा चाचणी घेतली. आला नाही. सर म्हणाले, आज तुझं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, होतं. ते म्हणाले, शरीराने होतीस.

हात धुवायला गेले. एरवी चाचणीच्या दिवशी माझ्या बोटांना ग्रीस असतं आणि ते निघता निघत नाही. आज बोटं कोरडी होती. नळ चालू ठेवून मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि खरेदी विभागातल्या गृहस्थांना मी दिलेलं उत्तर मला ऐकू आलं. जळतं.

जळतं, म्हणजे वायू होतो. वायू होतो, म्हणजे दाब वाढतो. दाबमापकाच्या अगदी तोंडावर. सिलिकॉनचं ग्रीस, म्हणून सिलिकॉनची रेघ. मी भरपूर लावते, म्हणून उंचवटा भरदार. रेघोट्याने नखाएवढं लावलं, म्हणून माळरान. चकती बिचारी इमानेइतबारे थोडीशीच जळत होती आणि तराजू तरुण होता.

आग न लागणाऱ्या चकतीवर ही चाचणी करून बघावी, हे कोणाला का सुचलं नाही? सुचलं होतं. ती झालीही होती, जुन्या, उघड्या तोंडाच्या दाबमापकाने. तिच्यात दुसरा उंचवटा नव्हता, म्हणून तो इंधनाचा, असं ठरलं. मधल्या काळात ग्रीस आलं हे कोणी मोजलं नाही. ग्रीस आणि मी एकाच महिन्यात आलो. त्यातल्या मला श्रेय मिळालं.

नळ कोणीतरी येऊन बंद केला. रेघोट्या होता. मी त्याला सांगितलं. तो हसला नाही, आणि मी सांगत होते ते ऐकून त्याला आश्चर्यही वाटलं नाही. मी विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीस. म्हणाला, "भिंतीवर आलेख लागले त्या दिवशी शंका आली. पण तू त्या रिकाम्या जागेकडे अशी बघत होतीस, की म्हटलं, असू दे आठवडाभर."

मी कशी बघत होते, हे मी विचारलं नाही.

६ एप्रिल

बाटली आली. तराजूशेजारच्या बरणीतलं मीठ घेतलं, साच्यात दाबून इंधनाच्या चकतीएवढी चकती केली. मीठ जळत नाही, एवढ्यावर जगातल्या सगळ्या संस्थांचं एकमत आहे. ग्रीस नेहमीसारखं, कडेपर्यंत.

दुसरा उंचवटा आला. आजवरचा सर्वांत सुंदर.

७ एप्रिल

दोन आलेख सरांच्या टेबलावर ठेवले, एक इंधनाचा, एक मिठाचा. आधी सांगायचं आणि मग दाखवायचं, असं ठरवलं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मिठाचा उचलला, हात लांब करून धरला आणि चेहरा उजळला. म्हणाले, हा बघ, काय रूप आहे, हाच समितीला दाखवू.

"तो मिठाचा आहे," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. ते ऐकत होते. माणूस मूर्ख नाही. तिसऱ्या वाक्यालाच त्यांना पुढचं कळलं होतं, हे त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघून कळत होतं. कागद हळूहळू खाली आला. त्यांनी विचारलं, कोणाला बोललीस. मी रेघोट्याचं नाव सांगितलं. बराच वेळ ते टेबलावरच्या पेनाला झाकण लावत आणि काढत होते.

मग समजावण्याच्या सुरात बोलले. समिती येणार, दोन चाचण्या बघणार, चहा पिऊन जाणार. मोठा कुकर आला की त्यात सगळं पहिल्यापासून नीट करू. आत्ता हे काढलं तर कुकर नाही, करार नाहीत, आणि ग्रीसमुळे फसलेली माणसं म्हणून आपली ओळख. यात एकही गोष्ट खोटी नव्हती.

शेवटी म्हणाले, "त्या दिवशी हात नेहमीसारखा चालव. एवढंच."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. माझ्या या सवयीला ते समंजसपणा म्हणतात.

८ एप्रिल

बाबांनी पुन्हा विचारलं, करार. मी म्हटलं, समिती झाली की कळेल. आत्या म्हणाली, हिच्या पायाने काही होत असतं तर आपण केव्हाच बंगल्यात असतो. नेहमीचाच विनोद. नेहमी मी ऐकून घेते. आज ताट तसंच ठेवून उठले. आत्या चकित झाली. मीही.

मला कशाचं वाईट वाटतं आहे ते लिहून ठेवायला हरकत नाही, वही मतांची आहे. कराराचं वाटतं, बाबांची औषधं आहेत. सरांच्या निबंधांचं वाटत नाही. आणि एका गोष्टीचं वाटतं जिच्याबद्दल वाटायला नको. कोणी तरी कधी तरी म्हणालं होतं की मी आले आणि चांगलं झालं. ते मी नव्हते. ते ग्रीस होतं.

गप्प राहिले तर दोन्ही राहतील, करारही आणि पायगुणही. फक्त दर वेळी बाटली उघडताना मला माहीत असेल.

१० एप्रिल

समिती. एक बाई अध्यक्ष, पाठीमागे ठेवायला स्वतःची उशी घेऊन आलेल्या. बरोबर दोघे जण, त्यांनी फोन आणले होते.

सरांनी प्रस्तावना केली. मी आत गेले, इंधनाची चकती लावली, दाबमापकाला ग्रीस दिलं, कडेपर्यंत. सर काचेतून माझा हात बघत होते. त्यांचा चेहरा सैल झाला. मी येऊन दाराच्या डाव्या बाजूला उभी राहिले. धप्प. उंचवटा आला. फोनवाल्या दोघांनीही मान वर केली. बाई म्हणाल्या, वा.

सर आभाराचं बोलू लागले, तेव्हा मी म्हटलं, "सर, दुसरी लावू का? जळणार नाही अशा चकतीची. तुलनेला."

मी हे अगदी साध्या आवाजात म्हटलं, चहा आणू का विचारतात तसं. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. बाई म्हणाल्या, लावा की, तेच विचारणार होते मी.

आत जाऊन मिठाची चकती लावली. ग्रीस तेवढंच. माझे हात थरथरत होते, म्हणून सारखं करायला वेळ लागला. बाबांना रोज कसं वाटत असेल ते त्या वेळी कळलं. परत येऊन उभी राहिले, या खेपेला उजव्या बाजूला. धप्प.

उंचवटा आला. पहिल्यावर ठेवला तर बेमालूम बसला असता.

बाईंनी विचारलं, ही चकती कशाची. मी म्हटलं, मिठाची. रेघोट्या त्याच्या उपकरणामागून अर्धा उठून उभा राहिला होता, माझ्या बाजूने काही तरी बोलावं लागेल अशा तयारीने. मी सरांकडे बघत होते. मला खरंच त्यांची दया आली. पुढचं वाक्य मी बोलावं की त्यांना बोलू द्यावं, हे मला ठरवता येत नव्हतं.

सरांनी घसा साफ केला.

"हेच तर मला तुम्हाला दाखवायचं होतं," ते म्हणाले.

आणि बोलू लागले. संरक्षक ग्रीसमुळे दाबाच्या मोजणीत किती मोठी चूक शिरू शकते, ती सिलिकॉनच्या रेघेवरून कशी पकडता येते, चकतीच्या वजनाशी तिचा मेळ कसा बसत नाही, आणि जगभरच्या प्रयोगशाळा याकडे कसं दुर्लक्ष करतात. अडखळले नाहीत. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. तराजूचं त्यांनी कौतुक केलं. रेघोट्या हळूच खाली बसला. मी माझी दया परत घेतली.

बाई भारावून गेल्या. म्हणाल्या, स्वतःचीच दोन वर्षांची कामगिरी स्वतःच्या हाताने तपासायला धैर्य लागतं. सरांनी मान खाली घातली. विनयाने.

२२ एप्रिल

निर्णय आला. मोठा कुकर नामंजूर. त्याऐवजी मोजणीतल्या चुका शोधण्याचा स्वतंत्र विभाग मंजूर, प्रमुख सर. रेघोट्याचा करार वाढला, कारण सिलिकॉनची रेघ आता विभागाची कुलदेवता आहे. माझा वाढला नाही. दाबमापकाला ग्रीस लावायचं नाही असं ठरल्यावर ग्रीस लावणारीही लागत नाही. तर्कात कुठेही चूक नाही. मी तपासून पाहिला.

सरांनी बोलावून सांगितलं, की त्यांना फार वाईट वाटतं. वाटत होतंही. नव्या निबंधात माझे आभार मानणार आहेत, तराजूच्या खाली. निघताना म्हणाले, "पायगुण मात्र होता हं तुझा. नवीन विभाग मिळाला." या माणसाला हरवणं अशक्य आहे.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. निळा एप्रन धुऊन परत केला. भिंतीवरचे आलेख काढले होते, चिकटपट्टीचे डाग होते.

जाताना रेघोट्याला एक गोष्ट सांगितली. ग्रीसचा उंचवटा बाजूला ठेवला, तरी इंधनाच्या चकतीचं वजन मिठाच्या चकतीपेक्षा थोडं जास्त घटतं. नेहमी थोडं जास्त. म्हणजे खाली खरा, लहानसा उंचवटा दडलेला असू शकेल आणि आपण ग्रीसने तो इतके दिवस बुजवला असेल. टेप लावून, दाबमापकाची संवेदनशीलता वाढवून बघ. तो म्हणाला, तू असताना बघू या, आज थांब. मी म्हटलं, नाही. मी नसताना बघ. मी इमारतीत नसताना.

तो म्हणाला, "तू पण मानतेस की काय?"

मी म्हटलं, एक घटक बदलायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, याला पद्धत म्हणतात.

घरी सांगितलं. आत्या माझ्या ताटात वाढत राहिली. बाबा म्हणाले, दुसरीकडे मिळेल. आणि पहिल्यांदाच कशामुळे गेलं ते विचारलं. मी म्हटलं, ग्रीस जास्त लावलं म्हणून. ते मग म्हणाले, "जास्त लावल्याने कधी कोणाचं काही बिघडत नाही बाळ. तुमचं यंत्रच वेगळं असेल."

वेगळंच आहे, मी म्हटलं.

९ मे

अर्ज केले आहेत. एका ठिकाणाहून भेटीचं बोलावणं आहे. घरी बसून दार किती किरकिरतं हे कळलं.

दुपारी बाबांच्या जुन्या पेटीतून ग्रीसचा डबा काढला. दोन्ही बिजागऱ्या उघडल्या, पुसल्या आणि ग्रीस भरलं. बाबा खुर्ची ओढून जवळ येऊन बसले. "कडेपर्यंत," ते म्हणाले. मी कडेपर्यंत भरलं. एका बिजागरीला त्यांनी स्वतः बोट लावलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे ग्रीस फार सारखं पसरलं.

तेवढ्यात फोन वाजला. हात बरबटलेले, म्हणून आत्याने तो माझ्या कानाला धरला. ती हलली नाही, म्हणजे तिने सगळं ऐकलं.

रेघोट्या होता. म्हणाला, "आहे."

मी विचारलं, किती. म्हणाला, डास चावल्यावर येतो तेवढा. टेप होता? होता. ग्रीस? बाटली कपाटात, कुलूप लावून. मिठावर घेतलीस? घेतली, तिथे काही नाही. पुन्हा घेतलीस? दर वेळी येतोय. सर काय म्हणाले? सर म्हणाले, ती असती तर मोठा आला असता.

मी नव्हते. ग्रीस नव्हतं. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला दाराशी बसले होते आणि तो आला. याचा इतका आनंद का व्हावा, हे मला नीट मांडता येत नाही. वहीत तशी जागा आहे, तरी.

मी म्हटलं, बरं. तो म्हणाला, रविवारी आलेख घेऊन येतो, दाखवायला. आलेख फोनवर पाठवता येतो. हे त्याला माहीत आहे. मी आठवण करून दिली नाही.

आत्याने फोन ठेवला आणि दार दोन-तीनदा उघडून बंद करून बघितलं. अजिबात आवाज नाही. आता घरात कोण आलं-गेलं ते कळायचं कसं, ही तिची नवी तक्रार आहे.

मी म्हटलं, रविवारी कळेल.